डिंपना मनेलीचा लाल चेहरा

डिंपना मनेलीनं बावीस वर्षं आमच्या किलकोराच्या शाळेची बस चालवली आणि जन्मात कधी दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात आजही कोणाला विचारलंत तर तो मान हलवून म्हणेल, "बिचारी. पण काहीतरी असल्याशिवाय का बस गेली?"

तिचं घर आमच्या घराला लागून. मधे नुसता दगडांचा गडगा. मी सातासमुद्रापलीकडून, मराठी मुलखातून इथं आलेली. म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, तेव्हाही करत होते. सकाळी आठला मी तिथं भांडी घासायला उभी राहिले की खिडकीतून डिंपनाची पिवळी बस जाताना दिसायची. घड्याळ बघायची गरज नव्हती.

तिचे वडील पॅकी मनेली दारूपायी गेले. घरी येताना सायकलसकट चरात पडले. चरात पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. डिंपना तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढच्या वसंतात तिच्या वर्गातल्या मुलांचा चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी झाला. त्या दिवशी इकडची सगळीच मुलं शपथ घेतात, की अठराव्या वर्षापर्यंत दारूला शिवणार नाही. अठरा झाली की मुलं पहिल्या दिवशीच पबमध्ये जाऊन ती शपथ बुडवतात. डिंपनानं मात्र जन्मभराची शपथ घेतली आणि पायोनियरांची, म्हणजे दारू वर्ज्य केलेल्यांच्या संघाची, पिन कोटावर लावली. नखाएवढी पिन, त्यावर येशूचं लाल हृदय. ज्याच्या कोटावर ती दिसेल त्याला लग्नातसुद्धा कोणी पेला पुढे करत नाही.

चेहऱ्याचं दुखणं अडतिसाव्या वर्षी सुरू झालं. आधी गाल तापल्यासारखे व्हायचे. मग ती लाली उतरेनाशी झाली. नाक सुजल्यासारखं जाड झालं, गालांवर पुवाळलेल्या पुटकुळ्या आल्या, डोळे लाल होऊन सारखे पाणावायला लागले. डॉक्टरांनी नाव सांगितलं, रोझेशिया. मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की उकळता चहा टाळ, ऊन टाळ, वारा टाळ.

"वारा टाळ!" डिंपना मला सांगताना हसली होती. "त्यापेक्षा किलकोरा टाळ म्हणाली असती तर सोपं होतं."

इथं गोऱ्या कातडीच्या कितीतरी बायकांना थोडीफार अशी लाली असते. पण पुरुषाचं किंवा बाईचं नाक लाल झालं की लोकांना एकच गोष्ट सुचते. रविवारी चर्चच्या फाटकाशी जार्लथ पॅडन उभा असायचा, साठीचा, बिनलग्नाचा, जिभेला हाड नसलेला.

"डिंपना, धुक्यात तुझ्या बसला पुढचे दिवे लागत नसतील."

"तुझ्या डोक्यात तरी कुठे लागतात, जार्लथ? चालतंयच ना तुझं?"

"नाही, पण खरं सांग. सकाळी सकाळी?"

मग ती कोटावरच्या पिनेवर बोट टेकवायची. "हे दिसलं का? का डोळे पण घरी ठेवून आलास?" लोक हसायचे, जार्लथ हसायचा, आणि तो विषय तिथं संपायचा. सोळा वर्षं असं चाललं. चेहरा काय वाटेल ते म्हणो, पिनेचं म्हणणं खरं धरलं जायचं.

तिची आई गेली आणि घरात ती एकटी उरली. एकट्या बाईचं जेवण कसलं? मला माझ्या घराच्या खिडकीतून दिसायचं. ओट्याशी उभी राहून चहा, पावाचा तुकडा, त्यावर मुरांबा. संध्याकाळी पुन्हा चहा आणि पाव. पूर्वी आईसाठी ती कोबी आणि डुकराचं खारवलेलं मांस शिजवायची, शुक्रवारी बांगडा तळायची. आता म्हणायची, "एकीसाठी काय भांडं खरकटं करायचं?" मीही अशीच एक दोनदा भाजी नेऊन दिली आणि आपलं काम झालं असं समजले.

दोन हजार चारच्या जानेवारीत पोस्टाच्या खिडकीशी बसणाऱ्या फिलोमिना पॅडननं, म्हणजे जार्लथच्या वहिनीनं, तिला एका मासिकाचं फाडलेलं पान दिलं. चेहऱ्याची लाली पोटातून येते, असं त्यात होतं. पानाच्या अर्ध्या भागात शरीराला काय कमी पडतं ते लिहिलं होतं. जस्त, लोह, काही जीवनसत्त्वं कमी पडली तर कातडी चिडते, भरून येत नाही, असं काही लोकांना वाटतं म्हणे. उरलेल्या अर्ध्यात काय टाळावं त्याची यादी होती.

मी म्हटलं, "अगं, हे वरचं बघ. तू नीट जेवतच नाहीस."

"मला काय कमी पडणार? दुष्काळात जन्मले का मी?" ती म्हणाली. दुष्काळ हा शब्द इथली माणसं साधेपणानं उच्चारत नाहीत. बटाट्याचं पीक कुजून लाखो माणसं मेली त्याला दीडशे वर्षं झाली, तरी त्यांच्या घरी काही कमी पडतं असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. सोडायचं म्हटलं तर मात्र लगेच तयार. आजार असो, पाप असो, इथला पहिला उपाय म्हणजे काहीतरी सोडून द्यायचं. तिनं टोमॅटो सोडला, चीज सोडलं, अंडी सोडली, दूध सोडलं, सकाळची ओटची खीर सोडली. आणि यादीत शेवटी लिहिलं होतं की कोणाकोणाच्या कातडीला धातूही बाधतो, म्हणून बिल्ले, दागिने काही दिवस दूर ठेवावेत.

तिनं पिन काढून ठेवली. घरात येशूच्या तसबिरीपुढे लहान दिवा जळतो, त्याच्या बशीत.

"देवापाशीच आहे की," ती म्हणाली. "चार आठवडे बघते."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मंगळसूत्राचा चट्टा उठला तर आपण ते चार दिवस काढून देवघरात ठेवतोच. इथं पिन काढण्याचा अर्थ एकच होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तिच्याही आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. जी शपथ मोडायचं आपल्या स्वप्नातही नाही, ती मोडली असं दुसऱ्याला वाटेल हे तिला सुचणार कुठून?

त्या रविवारी मी आश्रमातल्या दोन म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्च्यांतून मिस्साला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या प्रार्थनेला, घेऊन गेले होते. डिंपना नेहमीचा तपकिरी कोट घालून तिसऱ्या बाकावर. कोटाचा रंग उन्हापावसानं विटला होता, फक्त पिनेच्या जागी नखाएवढं वर्तुळ गडद राहिलं होतं. पिन होती तेव्हा तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. आता ते वर्तुळ सगळ्या चर्चला दिसत होतं. प्रसाद घेऊन ती परतली तेव्हा बाकाबाकांवरून नजरा तिच्या छातीशी जाऊन परत येताना मी पाहिल्या. फाटकाशी जार्लथनं तिची चेष्टा केली नाही. टोपीला हात लावून नुसता म्हणाला, "गार आहे आज, डिंपना." तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मंगळवारी मी पोस्टात गेले तर फिलोमिना खिडकीतून वाकून म्हणाली, "पिन काढली म्हणे तुझ्या शेजारणीनं."

"चेहऱ्याला त्रास होतो म्हणून. धातूचा. तुम्हीच दिलेल्या कागदात आहे."

"धातूचा त्रास! माझ्या नवऱ्याला काचेचा होता. हातात ग्लास धरला की तोंड लाल."

"फिलोमिनाबाई, ती शिवतसुद्धा नाही."

"अगं, मी कुठे काय म्हणतेय? खाई त्याला खवखवे. सोळा वर्षं त्या पिनेमागे लपली, आता देवाला फसवायची लाज वाटली असेल. तेवढा तिचा चांगुलपणाच म्हणायचा."

मी घरी जाऊन डिंपनाला सांगितलं. ती एवढी पांढरी झाली की चेहऱ्यावर नुसत्या पुटकुळ्या उरल्या. तशीच उठली, बशीतली पिन घेतली आणि कोटाला लावली. पण त्यानं आणखी बिघडलं. पुढच्या रविवारी लोक म्हणाले, घाबरून पुन्हा लावली.

फेब्रुवारीत बस खात्याचं पत्र आलं. दोघा पालकांनी तक्रार केली होती. सकाळी चालकाचे डोळे लाल असतात, चेहरा सुजलेला असतो. एकतीस मार्चला बॅलिना शहरात खात्याच्या डॉक्टरांपुढे हजर व्हायचं, त्याच्या आठवडाभर आधी तपासणीला रक्त द्यायचं. डॉक्टरांची सही मिळाली तर बस राहील, नाहीतर गेली.

"मग बरंच झालं," मी म्हटलं. "रक्त खोटं बोलत नाही."

"रक्त कोण बघतं गं? खोलीत शिरल्याशिरल्या तोंड बघतात. हे तोंड घेऊन मी शिरले की डॉक्टरांनी मनात लिहूनच टाकलं." तिचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते. "मला दुसरं काही येत नाही. नवरा नाही, पोर नाही. सकाळी आठ वाजता कोणीतरी माझी वाट बघतं, एवढंच आहे मला."

"आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ये ना. गोळ्या बदलून देतील."

"आणि दवाखान्याच्या त्या बाकावर बसू? समोर पोस्ट. फिलोमिना माझी मिनिटं मोजेल."

पंचवीस फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता. ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस उपवासाचे. हल्ली लोक त्यात चॉकलेट सोडतात, सिगारेट सोडतात. डिंपना कपाळावर राखेची बोटं घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मी माझ्या आजीसारखा उपवास करणार." म्हणजे जुना, काळा उपवास. कोरा चहा, कोरडा पाव, उकडलेला बटाटा मिठाबरोबर. लोणी नाही, मांस नाही, मासळी नाही. "देवाला चाळीस दिवस देते. त्यानं मला एक तोंड द्यावं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "देवाच्या नावानं करतेस तर चांगलंच आहे. तो बघेल." आमच्या उपवासात दूध असतं, दाणे असतात, साबुदाणा असतो, एकादशी आणि दुप्पट खाशी. तिचा उपवास तसा नव्हता. मी स्वयंपाक करून पोट भरणारी बाई, मला हे कळायला हवं होतं. सहा वर्षं चहापावावर काढलेल्या अंगावर ती आणखी चाळीस दिवस घालत होती.

पहिले पंधरा दिवस चमत्कार झाल्यासारखं वाटलं. तिची लाली उतरायला लागली. गाल फिके झाले. मिस्सानंतर बायका म्हणायला लागल्या, "डिंपना, किती छान दिसतेस." ती आरशापुढे उभी राहून मला हाक मारायची. "ये ना, उजेडात बघ. कमी आहे ना?"

"आहे," मी म्हणायचे. खरंच होती. तो रंग तिच्या अंगातूनच चालला होता हे आम्हां दोघींना दिसलं नाही.

मग ओठांचे कोपरे चिरले. नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी सोलून पिवळट कोंडा निघायला लागला. जीभ लाल, गुळगुळीत झाली, कोरा चहाही झोंबायचा. जिना चढताना धाप लागायची. एकदा ती पोस्टात गेली, पाकिटावर तिकीट लावताना तिचे हात थरथरत होते. मी तिच्या मागे उभी होते. फिलोमिनानं ते तिकीट स्वतः लावून दिलं. इतक्या मऊ आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"होतं असं, डिंपना. सोडली की पहिले काही आठवडे हात असेच कापतात. माझ्या नवऱ्याचे महिनाभर कापत होते. टिकव हो मात्र."

डिंपनानं तिच्याकडे नुसतं बघितलं. बाहेर आल्यावर भिंतीला हात लावून उभी राहिली. "ती माझी कीव करते," म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर भांडले असते."

सतरा मार्चला संत पॅट्रिकचा दिवस. त्या दिवशी उपवास सुटतो, देवाची परवानगी असते. सगळं गाव खातं पितं. मी कोबी, बटाटे आणि खारवलेलं मांस घेऊन ताट झाकून गडग्यापलीकडे गेले.

"आज चालतं," मी म्हटलं. "फादर स्वतः म्हणाले."

"बाकीच्यांना चालतं. मी कबूल केलंय."

"डिंपना, तू आजारी आहेस. तोंड बघ तुझं."

"तेच तर बघतेय. दोन आठवडे राहिले. आता सोडलं तर सगळं पाण्यात जाईल." तिनं ताट परत माझ्या हातात दिलं. मांसाच्या वासानं तिचे डोळे भरून आले होते, तरी दिलं. मी ताट घेऊन परत आले. तिथं बसून चमच्यानं भरवायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

तीस मार्चला, मंगळवारी दुपारी, मुलांना घरी सोडून ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. कोट न काढता खुर्चीवर बसली. हातात बसच्या किल्ल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या आणि लगेच पुन्हा उचलल्या.

"दलदलीच्या रस्त्यावर," ती म्हणाली, "वळणाच्या अलीकडे. मी मारियेची प्रार्थना म्हणत होते. मनात. अर्धी झाली होती. समोर सगळं पांढरं झालं. मग एकदम मुलांचा आवाज ऐकू आला, तर बस गुरांच्या फाटकाला टेकलेली. हळूच टेकलेली, ओरखडासुद्धा नाही. आणि माझी उरलेली प्रार्थना म्हणायचीच राहिली होती."

मी विचारलं, "मुलं?"

"गात होती. कोणाला कळलंही नाही. एकानं विचारलं, 'बाई, मेंढ्या आल्या का?' मी म्हटलं, 'हो, मेंढ्या.'" तिनं तोंड दोन्ही हातांत धरलं. "फाटकाच्या डाव्या हाताला चर आहे. भरलेला. दोन पुरुष बुडतील एवढा."

मी दूध गरम करून तिच्यापुढे ठेवलं. ती नको म्हणाली नाही, पण प्यायलीही नाही. दुसऱ्या दिवशी बॅलिनाला जायचं होतं. बसवर त्या दिवसापुरता बदली चालक लावलेला होता. गाडी मी चालवते म्हटलं, तेवढं तिनं ऐकलं.

डॉक्टर लव्हेल पन्नाशीच्या, आखूड केसांच्या बाई होत्या. डिंपना म्हणाली, "ही माझ्याबरोबर बसू दे," म्हणून मीही आत गेले. डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, पण ती घाबरत होती तसं नाही. ओठाच्या चिरा बघितल्या, खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली. मग फाईल उघडली.

"दारूचा मागमूस नाही," त्या म्हणाल्या. "लिव्हर एखाद्या लहान पोरीचं असावं तसं आहे. ज्यांनी तक्रार केली त्यांचं एवढं चांगलं असेल असं वाटत नाही."

डिंपनानं डोळे मिटले. ओठ हलले, बहुतेक देवाचे आभार मानले.

"पण दुसरंही काही नाही तुझ्या रक्तात. लोह तळाला गेलंय. जीवनसत्त्वं नावाला. तू खातेस तरी काय?"

डिंपनानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चेहरा बरा व्हावा म्हणून?"

"हो, डॉक्टर. लाली कमीही झाली होती."

"लाली कमी झाली कारण रक्तच कमी झालं, बाई. हे कोपरे, हा कोंडा, ही जीभ, हे सगळं उपाशीपणाचं आहे. रोझेशियाचं नाही."

"मग रोझेशिया कशाचा? त्या कागदात होतं की काहीतरी कमी पडलं की होतो."

"शपथेवर सांगणारा अजून कोणी भेटला नाही मला. कमी खाण्यानं तो होतो असं मी म्हणणार नाही. आधीच असेल तर उपाशी कातडी त्याच्याशी झुंजू शकत नाही, एवढं मला पटतं. तो कागद कोणी दिला त्याला सांग, वरचा भागही वाचत जा म्हणावं."

त्यांनी अर्ज पुढे ओढला. पेन उचललं. "सही करते. गोळ्या लिहून देते, आजपासून अंडं, मटण, मासे, सगळं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू." मग नेहमीचं असल्यासारखं, कागदावरून वर न बघता विचारलं, "चक्कर वगैरे आली होती का कधी? गाडी चालवताना?"

ती घटना आम्हां दोघींशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती. मी मान खाली घातली आणि मनातल्या मनात देवाला म्हणाले, हिला नाही म्हणू दे. एवढा एक शब्द. आता ती खाईल, मी भरवेन, पुन्हा नाही होणार. खोटं बोलायला मदत कर असं देवाकडे मागितलं मी. दुसऱ्या कोणासाठी कधी मागितलं नव्हतं.

"काल," डिंपना म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"बसमध्ये?"

"बसमध्ये."

"मुलं होती?"

"अकरा."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला हे लिहावं लागेल. एक वर्षभर मुलांची गाडी चालवता येणार नाही. ते ठेका दुसऱ्याला देतील. नंतर तुला परत मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

"मला माहीत आहे."

"मी विचारलं नसतं तर?"

"कोणास ठाऊक, डॉक्टर. तुम्ही विचारलंत."

परतीच्या वाटेवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता गावात काय सांगायचं?"

"खरं ते सांगू."

"खरं काय, त्या रक्ताचा कागद गळ्यात घालून फिरू?"

आणि तिला भीती होती तसंच झालं. शुक्रवारी शाळेला सुट्टी लागली, सोमवारपर्यंत गावाला एवढंच कळलं होतं की डिंपना तपासणीला गेली आणि तिची बस गेली. आणखी काय पुरावा हवा? मी पोस्टात जाऊन मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की दारू निघाली नाही, अशक्तपणा निघाला.

"अशक्तपणा," फिलोमिना म्हणाली. तिनं शिक्का मारायचा थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत कुत्सितपणा नव्हता, तेच जास्त लागलं. "अगं पोरी, माझ्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरही अशक्तपणाच लिहिला होता. डॉक्टर लोक चांगले असतात."

वर्षानुवर्षं नवऱ्याचं पिणं झाकलेलं तिनं. तिला सगळीकडे तेच दिसत होतं.

डिंपनाला मी रोज जेवायला बसवायला लागले. पहिलं अंडं तिनं ईस्टरच्या आधी आठ दिवस खाल्लं, उपवास मोडून. खाताना तिनं क्रूसाची खूण केली. मग कलेजी, बांगडा, लोण्याचा पाव, दूध. ओठ भरून आले, कोंडा गेला, हात स्थिर झाले. आणि जसजसं रक्त भरत गेलं तसतशी गालांवर लाली परत आली. पूर्वीएवढी नाही, पण वारा लागला की पुरती. ईस्टरच्या मिस्साला ती गेली तेव्हा तिच्या बाकावर दोन माणसांची जागा मोकळी राहिली.

शाळा सुरू झाली त्या सकाळी ती साडेसातलाच कोट घालून बाहेर पडली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, "एन्डाला एक सांगायचं राहिलं." बसचा ठेका एन्डा रुडीला मिळाला होता. पस्तिशीचा, तसा सरळ मुलगा. मला त्या दिवशी कामाला उशिरा जायचं होतं, म्हणून तिच्याबरोबर चौकापर्यंत गेले.

पिवळी बस आली. दार उघडलं. डिंपना पायरीवर चढली नाही. खालीच उभी राहून दांड्याला धरून आत वाकली.

"एन्डा, शेवटच्या घरची ग्रॉन्या. सहा वर्षांची, चष्मेवाली. तिला मागे बसवू नकोस, वळणावर ओकते. दाराजवळची पुढची जागा तिची. आणि खिडकी बोटभर उघडी ठेव."

एन्डा सीटवरून तिच्याकडे झुकला. ऐकायला झुकला असं मला आधी वाटलं. त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं, नाकपुड्या हलल्या, आणि तो तसाच क्षणभर थांबला. मला दिसलं. तिलाही दिसलं. तिच्या कानापर्यंत रक्त चढलं.

ती मागे सरली नाही. तितक्याच जवळून, तोंड नीट उघडून, सावकाश, तिनं त्याला पुन्हा सगळं सांगितलं. ग्रॉन्या. सहा वर्षांची. पुढची जागा. खिडकी बोटभर उघडी.

"बरं, डिंपना," एन्डा म्हणाला. त्यानं नजर रस्त्याकडे वळवली.

दार लागलं. बस गेली. आम्ही घराकडे वळलो, वारा समोरून होता.